मंगळवारचं ताट

सातव्या स्लाईडवर सगळे खूश होते. मी तर इतकी खूश होते की लॅपटॉप बंद करायच्या आधी ती एकदा उघडून बघायचे, नवी चप्पल खोक्यातून पुन्हा पुन्हा काढून बघावी तशी.

स्लाईडवर एक गोल ताट होतं. ते माझी रूममेट प्राजक्ता हिनं तयार केलं होतं. ती कॉम्प्युटर सायन्सची, त्यामुळे तिला पोषणातलं काही कळत नाही, पण रंगातलं सगळं कळतं. ताटाचा सत्त्याऐंशी टक्के भाग करडा आणि उरलेली एक फाक हिरवी. वर मोठ्या अक्षरांत 'रिकामं ताट'. खाली एक ओळ: 'एकशे वीसपैकी एकशे चार शेतमजूर महिलांच्या जेवणात आदल्या दिवशी एकही पालेभाजी किंवा फळभाजी नव्हती.' आमच्या ज्योत्स्ना मॅडमनी ती स्लाईड बघितली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडम चष्मा काढतात तेव्हा त्यांना काहीतरी मनापासून आवडलेलं असतं. म्हणाल्या, ही आली की दहा सेकंद काही बोलायचं नाही, लोकांना बघू द्यायचं.

मी अमरावतीला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय आहार आणि पोषण. ज्योत्स्ना मॅडम माझ्या गाईड. डिसेंबरातल्या शुक्रवारी अकोल्याला संशोधन स्पर्धा होती. आठ मिनिटं, दहा स्लाईड, नंतर प्रश्न. तिथं निवड झाली की राज्यस्तर. आणि मॅडमकडे पीएच.डी.ची एक जागा रिकामी होणार होती. जी राज्यस्तरावर जाईल तिला ती जागा, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आम्ही दोघी होतो. दुसरीचं संशोधन नाचणीच्या बिस्किटांवर होतं. मला बिस्किटांची भीती नव्हती.

माझा सर्व्हे पक्का होता, कारण गाव माझं होतं. धामणगाव रेल्वेपासून अकरा किलोमीटर. बाबा धामणगावच्या जिनिंगमध्ये कामाला आणि आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. आहारशास्त्रात एक साधी पद्धत आहे. बाईला विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं. आठवडाभराचं विचारलं तर कोणालाच आठवत नाही, कालचं आठवतं. डाळ, बेसन, चटणी वेगळ्या रकान्यात, भाजी वेगळ्या रकान्यात. प्रत्येक बाईला एकदाच विचारायचं. एवढंच.

पण बायका घरी सापडल्या पाहिजेत. नोव्हेंबरात कापूस वेचणी सुरू असते. सकाळी दहाला गेलेली बाई दिवेलागणीला परत येते आणि आली की चुलीपुढे. तेव्हा कोण तुमच्या प्रश्नावलीपुढे बसणार? अमरावतीहून आलेली एखादी ताई असती तर भर दुपारी गावात येऊन कुलपं मोजत बसली असती. मला माहीत होतं की बुधवारी आमच्या गावचा बाजार असतो आणि बाजाराच्या दिवशी मजुरी बंद. सगळ्या बायका घरी, न्हालेल्या, निवांत. म्हणून मी नोव्हेंबरचे चारही बुधवार गावात काढले. पहिल्या बुधवारी काही जणी कौंडण्यपूरच्या यात्रेला गेल्या होत्या, त्यांना पुढच्या बुधवारी गाठलं. मॅडमनी वर्गात माझं उदाहरण दिलं होतं. क्षेत्राची माहिती असणं म्हणजे काय, ते आरतीकडून शिका, म्हणाल्या. मी मान खाली घालून बसले होते, पण कान चांगले उघडे होते.

आता फक्त सहावी स्लाईड अडली होती. तिथं प्राजक्तानं नेटवरून काढलेला एक ताटाचा फोटो टाकला होता. मॅडमनी तो लगेच ओळखला. त्यात इडली होती. मॅडम म्हणाल्या, खऱ्या ताटाचा फोटो आण, तुझ्या गावचा. म्हणून स्पर्धेच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी मी घरी गेले.

शनिवारी सकाळी नऊला आई शेतात जायच्या आधी जेवायला बसली. दारात ऊन चांगलं आलं होतं. मी तिला ताट घेऊन उंबऱ्याजवळ बसवलं. ताटात भाकर, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी. उजेड बघायला मी एक फोटो काढला. चांगला आला, पण कामाचा नव्हता. वांगं मधोमध, तेलानं चमकत होतं. सातव्या स्लाईडवर सत्त्याऐंशी टक्के ताटं भाजीवाचून आणि सहाव्या स्लाईडवर हे वांगं, असं कसं चालेल?

मी आईला म्हटलं, तेवढी भाजी काढ.

"भाजी कावून काढू?" आई म्हणाली.

मी तिला समजावलं की अकोल्याला दाखवायचं आहे, बायकांना भाजी मिळत नाही असं माझ्या संशोधनात आलंय, फोटो त्याला धरून पाहिजे. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं वाटी घेतली, वांग्याची फोड न् फोड वाटीत काढली, ताटाला लागलेला रस्सासुद्धा बोटानं पुसला.

"घे," ती म्हणाली. "तुह्यं काम होऊ दे."

मी फोटो काढला आणि तिथूनच प्राजक्ताला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, 'कडक.'

तेवढ्यात पार्बताबाई आल्या. आई ज्या टोळीत वेचायला जाते ती टोळी त्या चालवतात. कोणत्या शेतात जायचं, किती बायका घ्यायच्या, कोण मागे राहतं, सगळं त्यांच्याकडे. त्या आईला न्यायला आल्या होत्या. ताट बघितलं, वाटी बघितली आणि विचारलं की भाजी बाहेर का बसली आहे. आईनं सांगितलं. पार्बताबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"आरते, तू आमाले बुधवारी इचारलं," त्या म्हणाल्या. "बुधवारी इचारलं का काल काय खाल्लं, त मंगळवारचंच सांगन ना आमी? बाजाराच्या आदल्या दिवशी कोनाच्या घरी भाजी उरते वो? तुह्या घरी तरी उरत होती का?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. दीड वर्ष मी या विषयात घातलंय, एवढाले संदर्भ वाचलेत, आणि या मला दारात उभ्या राहून शिकवणार. मी म्हटलं, काकू, संशोधनाचं वेगळं असतं. त्या म्हणाल्या, असन बाप्पा. आणि आईला घेऊन निघून गेल्या.

मी प्रश्नावल्यांची फाईल उघडली. तारखेचा रकाना होता, वाराचा नव्हता. पाच, बारा, एकोणीस, सव्वीस. दोन तारखांमध्ये सात-सात दिवस. एकशे वीस कागद, त्यात सतरावा पार्बताबाईंचा, आणि सगळ्या कागदांवरचा 'काल' हा मंगळवार.

लहानपणी मला मंगळवार आवडायचा. मंगळवारी आमच्याकडे बेसन असायचं, पिठल्यासारखं घट्ट, वरून कच्चं तेल आणि कांदा. का असायचं, ते तेव्हा विचारायची गरज नव्हती. आठवड्याची भाजी बुधवारी येते, पहिले पालेभाज्या संपतात, मग टमाटे, मग वांगी, आणि सोमवार-मंगळवारी पिशवी झटकून ठेवतात. हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. पण पाच वर्षं मी अमरावतीला राहिले. तिथं आमच्या गल्लीत रोज सकाळी हातगाडी येते आणि भाजीवाला नावानिशी हाक मारतो. बायका घरी कधी असतात ते माझ्या लक्षात राहिलं आणि त्यांच्या घरात काय असतं ते मी विसरले. अमरावतीची ती ताई कुलपं मोजत कोणत्याही वारी आली असती आणि तिची ही चूक झाली नसती. ही चूक गावच्याच पोरीला जमणार होती.

त्या दिवशी मी शेतात गेले. वेचणाऱ्या बायकांच्या मागे मागे फिरत, कपाशीच्या फराट्यांनी हात ओरबाडून घेत, विचारत गेले की काल काय खाल्लं. रविवारी दुसऱ्या टोळीकडे गेले. बायका हसत होत्या. एकीनं विचारलं की सरकारनं भाजी वाटायचं ठरवलं का. दोन दिवसांत एक्केचाळीस जणी झाल्या. हा शुक्रवार-शनिवारचा हिशेब. एक्केचाळीसपैकी सतरा जणींच्या ताटात भाजी नव्हती. म्हणजे एक्केचाळीस टक्के. वाईटच, पण सत्त्याऐंशी नव्हे.

सोमवारी मी मॅडमकडे गेले. त्या ऐकत होत्या तेव्हा चष्मा डोळ्यांवरच होता.

"आरती, तुझे आकडे खोटे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. खरे आहेत. फक्त मंगळवारचे आहेत."

त्या बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करत बसल्या. गोषवारा छापायला गेला होता. त्यात सत्त्याऐंशी टक्के ठळक अक्षरांत होतं आणि खाली माझ्याबरोबर त्यांचंही नाव होतं. माझ्या एक्केचाळीस बायकांचा एवढासा नमुना कोणी मोजणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. दहाव्या स्लाईडवर अभ्यासाच्या मर्यादा असतातच. तिथं एक ओळ टाकायची, की सर्वेक्षण आठवड्याच्या एकाच वारी झालं. कोणी विचारलं तर सांगायचं. सातवी स्लाईड आहे तशी. यात खोटं काही नव्हतं. संशोधनात असं करतात आणि मॅडमनी मला काही वाममार्ग शिकवला नाही, हेही सांगून ठेवते.

फोटोचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. आकड्यांची चूक झाली होती, फोटो मी केला होता. मॅडमनी तो बघून म्हटलं, किती बोलका आहे. मी हो म्हटलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी सराव केला. प्राजक्ता पलंगावर बसून मोबाईलमध्ये वेळ लावायची. सात मिनिटं पन्नास सेकंद. दहा सेकंदांच्या गप्प बसण्यासकट. दहाव्या स्लाईडवरची ती ओळ तिनं इतक्या बारीक अक्षरांत बसवली होती की शेवटच्या रांगेतून मुंगी दिसली असती, ती दिसली नसती. मी म्हटलं, थोडी मोठी कर. ती म्हणाली, मग डिझाईन बिघडतं.

शुक्रवारी सकाळी मॅडम दुसऱ्या एका सरांच्या कारनं पुढे गेल्या. मी बडनेऱ्याहून गाडीत बसले. खिडकी मिळाली. मूर्तिजापूर गेल्यावर शेवटचं बघून घ्यावं म्हणून लॅपटॉप उघडला. पाचवी, सहावी.

सहाव्या स्लाईडवरचा फोटो मी तोवर शंभरदा बघितला असेल, पण ताटच बघत होते. त्या दिवशी कडेला नजर गेली. उजव्या कोपऱ्यात आईची चार बोटं होती. वाटी धरलेली. वाटीचा काठ आणि त्यावर रश्श्याचा एक ओघळ. तिनं वाटी खाली ठेवली नव्हती. फोटो होईपर्यंत हातात धरून बसली होती, झाला की परत वाढून घ्यायची म्हणून. आणि तेवढ्यात पार्बताबाई आल्या. तिनं नंतर ती भाजी खाल्ली की नाही, ते मी बघितलंच नव्हतं. मी पार्बताबाईंना संशोधन समजावत होते.

मला फार लाज वाटली. माझ्या आईच्या घरात भाजी होती आणि मी ती तिच्या हातानं ताटातून काढायला लावली, बायकांना भाजी मिळत नाही हे दाखवायला. समोरच्या बाकावरच्या बाई विचारत होत्या, काय झालं बेटा. मी म्हटलं, काही नाही, पेपर आहे.

अकोला यायला अर्धा तास होता. प्राजक्ता जवळ नव्हती, त्यामुळे जे केलं ते ओबडधोबड झालं. मोबाईलमधला पहिला फोटो, वांग्याचा, उजेड बघायला काढलेला, तो सहाव्या स्लाईडवर डावीकडे बसवला. दोन्ही ताटं लहानमोठी झाली. सातव्या स्लाईडवरचं 'रिकामं ताट' खोडून 'मंगळवारचं ताट' लिहिलं. अक्षरांचा प्रकार वेगळाच आला आणि बदलता येईना. खाली एक्केचाळीस बायकांची ओळ घातली. ती ताटाच्या कडेवर चढली. राहू दिली.

माझा नंबर चौदावा होता. सभागृहात मॅडम तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पाच स्लाईड पाठ केल्यासारख्या गेल्या. सहावी आली आणि मॅडम पुढे वाकल्या.

"डावीकडचं ताट माझ्या आईनं वाढून घेतलं होतं," मी म्हटलं. "उजवीकडचं मी तयार केलं. माझ्या निष्कर्षाला शोभावं म्हणून मी तिला भाजी काढायला सांगितली. कोपऱ्यात तिचा हात दिसतोय."

मग सातवी. बाजाराचा दिवस, मंगळवार, पिशवी, वार न लिहिलेला रकाना, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर दहा सेकंद गप्प राहिले. तेवढं मात्र ठरल्याप्रमाणे झालं. मॅडमकडे बघायची हिंमत झाली नाही.

दोन परीक्षक होते. त्यांतले जे वयस्कर होते त्यांनी गोषवाऱ्याचं पुस्तक उघडलं, पान शोधलं, आणि विचारलं की इथं छापलेला सत्त्याऐंशीचा आकडा चुकीचा समजायचा का. मी म्हटलं, आकडा बरोबर आहे सर, वार लिहायचा राहिला. त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

"ही चूक कोणाच्या लक्षात आली? तुमच्या गाईडच्या?"

"नाही सर. उत्तरदात्या क्रमांक सतरा यांच्या."

सभागृहात हशा पिकला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

निकाल साडेचारला लागला. राज्यस्तरावर तिघांची निवड झाली. एक कीटकनाशकावरचं, एक सोलर वाळवणी यंत्र, आणि एक आमचीच नाचणीची बिस्किटं. मॅडमनी त्या मुलीचं अभिनंदन केलं, फोटो काढले, मग माझ्याकडे आल्या. मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या की स्लाईड बदलणार होतीस तर फोन तरी करायचास, मी तिथं बसून दुसऱ्यांसारखीच बघत होते. हे त्यांचं बरोबर होतं. पीएच.डी.ची जागा त्या मुलीला जाणार, हेही त्यांनी सरळ सांगितलं, शब्द दिला होता म्हणून. जाता जाता म्हणाल्या, पुढच्या वर्षी अर्ज करणार असशील तर सातही वार घेऊन ये. चष्मा त्यांनी काढलेला होता, पण त्या तो पुसत होत्या, त्यामुळे त्यावरून काही ठरवता आलं नाही.

अकोल्याच्या स्टेशनवर गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. मी आईला फोन लावला. ती नुकतीच शेतातून आली होती. मागे पार्बताबाईंचा आवाज येत होता.

"लागला का नंबर?" आईनं विचारलं.

"नाई लागला."

"माह्या ताटाचा फोटू दाखवला का?" तिनं विचारलं.

"दोन्ही दाखवले. भाजीवाला बी आन् बिनाभाजीचा बी."

"भाजीवाला पयले दाखवला का?"

"हो, पयले तोच."

"मंग बरं झालं," आई म्हणाली. "तवा मले लय वाईट वाटलं होतं वो, ते भाजी काढताना. तुह्यं काम होतं म्हून बोलली नाई."

मला रडू आलं आणि मी ते तिला कळू दिलं. ती फोन धरून राहिली. मग मी म्हटलं की मंगळवारी घरी येते, या वेळी सातही वार विचारायचे आहेत, तुझ्यापासून सुरुवात करते.

"ये," ती म्हणाली. "पन मंगळवारी भाजी नसन."